मोटारमास्तरांचे कान

माझं माहेर सांगलीचं. आमच्या गल्लीच्या टोकाला मोटार चालवायला शिकवणारे एक गृहस्थ राहायचे. गाव त्यांना मोटारमास्तर म्हणायचं, मीही तेच म्हणते. त्यांच्या ओसरीवर खुंट्यांची एक लांबलचक फळी होती आणि थंडीच्या दिवसांत तिच्यावर मफलर, कानटोप्या, टॉवेल आणि पंचे यांची जत्रा भरायची. शिकायला आलेल्यानं डोक्याला गुंडाळलेलं सगळं आधी तिथं अडकवायचं आणि मगच मोटारीकडे बघायचं, असा शाळेचा पहिला नियम होता.

आमच्याकडच्या पुरुषमंडळींना हा नियम म्हणजे शिक्षाच वाटायची. मार्गशीर्ष लागला की ही माणसं कान बांधतात ती थेट होळीला सोडतात. उसाची गाडी हाकायची असो की फटफटी, टॉवेल डोक्यावरून कानांवर आणि कानांवरून हनुवटीखाली आल्याशिवाय त्यांना घराबाहेर पाऊल टाकवत नाही. अशा माणसाला कृष्णाकाठच्या सकाळच्या गारठ्यात उघड्या कानांनी बसवायचं म्हणजे काय होत असेल विचार करा.

"कान बधिर पडलं की मास्तर," एखादा कुरकुरायचा.

"पडू द्यात. गार कान ऐकतोय. बांधलेला कान ऐकत न्हाई," असं म्हणून मास्तर गाडीच्या चारही काचा खाली करायचे. पावसाळ्यातही त्या खालीच असत. श्रावणात शिकणारी माणसं घरी जाताना नदीवरून आल्यासारखी दिसत.

मी शिकायला गेले त्याचं कारण एक जीप. माझं सासर कोरेगावकडचं. ऊस, विहीर, चार म्हशी आणि घरातला एक तरी माणूस फौजेत, असं तिकडचं नेहमीचं घर. माझे यजमान फौजेत. एका रजेत त्यांनी लिलावात निघालेली मिलिटरीची जीप आणली, रजाभर गावात मिरवली आणि रजा संपल्यावर ताडपत्रीखाली झाकून निघून गेले. सासऱ्यांना दमा होता. त्यांना धाप लागली की डॉक्टर गाठायला मी गावभर गाडीवाला शोधत फिरायची आणि अंगणात ती जीप तशीच उभी. कोंबड्या तिच्यात अंडी घालायला लागल्या तेव्हा माझं डोकं फिरलं. त्या दिवाळीला माहेरी आले ती मोटार शिकूनच परत जायचं ठरवून.

मास्तर उंच, किडकिडीत, डोक्यावर पांढरी टोपी आणि टोपीच्या दोन्ही बाजूंना भलेमोठे, जरा पुढे आलेले कान. देवानं कामाप्रमाणे अवयव दिले होते. मी बसले, चाकावर हात ठेवले, आणि माझ्या हिरव्या बांगड्या किणकिणल्या. मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

"ताई, ह्या काढा."

नवरा सीमेवर, आणि हा माणूस बांगड्या काढा म्हणतो. मी काही बोलायच्या आत त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, स्वयंपाकघरातून ऐकलं आणि त्या हातातल्या उलथन्यासकट ओसरीवर आल्या.

"आवं, सवाशीण बाईला काय सांगताय? जिभेला काय हाड हाय का न्हाई?"

मास्तर विचारात पडले. मग आत जाऊन त्यांनी आपले दोन मोठे रुमाल आणले. काकूंनी माझ्या बांगड्या कोपराकडे सारून त्यांवर घट्ट रुमाल बांधून दिले. तेव्हापासून मी शिकले ती दोन्ही हातांना रुमाल बांधून. गल्लीतल्या बायका माझ्या आईला विचारत होत्या, पोरीचे हात कशानं भाजले.

मास्तरांचं घराणं जैन, हळदीच्या अडतीतलं. भाऊ वखारीत बसून पोती मोजायचे. मास्तरांना हळदीच्या धुरळ्यानं शिंका यायच्या, त्या थांबायच्याच नाहीत. म्हणून तरुणपणी ते वखारीतून पळाले, एका डॉक्टरांच्या मोटारीवर राहिले आणि पुढं जुनी काळी मोटार घेऊन स्वतःची शाळा काढली. डावीकडच्या जागेपुढे त्यांनी स्वतःसाठी एक जादा ब्रेक बसवून घेतला होता. मावळतीच्या आत जेवायचा त्यांचा धर्म, त्यामुळे ऊन कलंडलं की शिकवणी बंद. मग तुम्ही चढावर असा की पुलावर, मास्तर घड्याळाऐवजी आभाळाकडे बघून "वळवा" म्हणायचे.

त्यांना नाट्यसंगीताचं भयंकर वेड होतं. सांगलीच्या माणसाला ते असतंच, पण मास्तरांचं जरा जास्त होतं. चामड्याच्या तपकिरी पिशवीतला एक ट्रान्झिस्टर त्यांच्याजवळ होता आणि तो कायम डिकीत, कुलूपबंद, जादा चाकाच्या शेजारी. गाण्याच्या कार्यक्रमाची वेळ झाली की ते गाडी झाडाखाली घ्यायला लावायचे, उतरून डिकी उघडायचे आणि एक पाय बंपरवर ठेवून डोळे मिटून ऐकत उभे राहायचे. आम्ही शिकणारे उभ्या गाडीचं चाक धरून बसलेले. येणारेजाणारे सायकल थांबवून विचारायचे, गाडी बंद पडली का. कार्यक्रम संपला की डिकीला कुलूप लागायचं. एकदा मी म्हटलं, पुढे सीटवर हळू आवाजात लावून ठेवलं तर काय बिघडतं.

"गाणं वाईट असलं तर काय न्हाई बिघडत," मास्तर म्हणाले. "चांगलं असलं की माणूस गाण्यात जातोय. मग गाडीत कोण ऱ्हातंय?"

अशाच एका झाडाखाली, बुधगावच्या रस्त्याला, त्यांनी मला ती गोष्ट सांगितली. गाणं संपलं होतं, पण ते बंपरवरून पाय काढेनात.

"आमच्या घरात कान टिकत न्हाई ताई. आज्ज्याचा साठीच्या आत गेला. आण्णांचा, म्हंजे वडलांचा, त्याच्याबी आधी. आण्णा वखारीत व्हते, त्यांचं भागलं. बोटांनी भाव सांगायचे. माजं कसं भागणार? मला दुसरं काय येत न्हाई. ह्ये गेलं की मी गेलो."

ते सहज सांगितल्यासारखं म्हणाले आणि डिकी लावली. पण त्यानंतर मला त्यांच्या खुंट्यांचं आणि रुमालांचं हसू येईना. ज्याला पुढे उपास घडणार हे माहीत आहे तो ताटातलं शीतही टाकत नाही, तसं त्यांचं ऐकणं होतं.

माझ्याबरोबर एका बड्या बागायतदाराचा मुलगा शिकत होता. आम्ही त्याला धाकटे पाटील म्हणायचो. चांगला पंचविशीतला गडी, घरचा ट्रक कारखान्याला लावायचा होता म्हणून आलेला. हात उत्तम होता त्याचा. पण तेव्हा क्रिकेटचे सामने चालू होते आणि त्याच्याजवळ छोटा परदेशी ट्रान्झिस्टर होता, खिशात मावणारा. त्याला एक वायर आणि वायरीच्या टोकाला कानात घालायची गुंडी. एका सकाळी तो टॉवेल खुंटीवर ठेवून मुकाट्यानं चाकावर बसला आणि मास्तरांना शर्टाच्या कॉलरमधून वर गेलेली ती वायर दिसली.

"ह्ये काय?"

"स्कोर ऐकतोय मास्तर. एकाच कानात हाय. दुसरा मोकळा हाय की."

मास्तर रागावले नाहीत. त्यांनी त्याला अंगणात नेऊन मधोमध उभं केलं आणि डोळे मिटायला सांगितलं. मग काकूंना खूण केली. काकूंनी परात आणि पळी घेतली, चप्पल काढली आणि मांजरासारख्या पावलांनी अंगणभर फिरत कुठंतरी थांबून एक ठोका दिला. आवाज कुठून आला ते पाटलानं बोटानं दाखवायचं. काकू विहिरीपाशी, बोट तुळशीकडे. काकू न्हाणीपाशी, बोट रस्त्याकडे. काकूंना एवढी मजा येत होती की त्या थांबेचनात. मग मास्तरांनी त्याच्या कानातली गुंडी काढली आणि पुन्हा परात वाजवायला लावली. या खेपेला बोट बरोबर काकूंच्या मागे मागे फिरलं.

"एका कानाला आवाज कळतोय," मास्तर म्हणाले. "बाजू कळाय दोन लागत्यात. रस्त्यावर आवाज कळून उपेग न्हाई गड्या. कुठनं येतोय त्ये कळाय पायजे."

पाटलाला ते पटलं असावं, कारण तो चिडला. "कायद्यात कुठं लिवलंय, गुंडी घालू नये म्हणून? दावा मला." असं म्हणून त्यानं टॉवेल उचलला आणि गेला तो गेलाच.

मास्तरांना तो गेल्याचं वाईट वाटलं, पण प्रश्न त्याहून जास्त लागला. ते गल्लीतल्या वकिलांकडे गेले, मोटारींच्या कायद्याचं जाडजूड पुस्तक वाचून घेतलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले आणि पुन्हा वाचून घेतलं. शेवटी परवान्याच्या साहेबांनाच विचारायचं ठरलं. हे साहेब अधूनमधून सांगलीला येऊन एका मैदानावर परीक्षा घ्यायचे आणि त्या खेपेला नेमकी माझी परीक्षा होती. मी इंजिन चालू करून, हातांना रुमाल बांधून, घामाघूम होऊन बसलेली. साहेब माझ्या शेजारी बसणार तेवढ्यात मास्तरांनी त्यांना दारातच अडवलं.

साहेब शांतपणे म्हणाले, "मास्तर, ज्याला हॉर्न ऐकू येत नाही इतका बहिरा असेल त्याला परवाना देऊ नये, एवढंच कायद्यात आहे. कानात काय घालावं नि काय घालू नये, याबद्दल कायदा काही बोलत नाही."

"मग जो आपल्या हातानं भैरा झालाय, त्याला कसा द्यायचा सायेब?"

"तो गुंडी काढू शकतो. बहिऱ्या माणसाला बहिरेपण काढून ठेवता येत नाही."

"काढू शकतोय खरं. पण काढत न्हाई की."

साहेब हसले. "अपघात झाला तर बेदरकारपणे गाडी चालवली म्हणून कलम लावता येईल."

"झाल्यावर कलम लावून मेलेला उठतोय व्हय?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "तुमचं मला पटतं. पण मला पटलं म्हणून कुणाला अडवता येत नाही." एवढं बोलून ते माझ्या शेजारी येऊन बसले. तोवर इंजिन तापलं होतं आणि मी गार पडले होते. त्यांनी मला मैदानाला एक फेरी मारायला लावली, उतारावर थांबवलं, परत चढवायला लावलं आणि पास केलं. मास्तरांचं माझ्या निकालाकडे लक्षच नव्हतं. घरी येताना ते एकदाच बोलले, "सायेब चांगला माणूस हाय. त्याचाबी इलाज न्हाई."

मग त्यांनी आपला स्वतःचा इलाज केला. आमच्या चौकात एक हवालदार उभे असत. मास्तर रोज सकाळी त्यांच्यापाशी जाऊन परातीची हकिकत सांगू लागले. आधी हवालदारांनी टाळलं, मग ऐकून घेतलं, मग एका संध्याकाळी स्वतः काकूंच्या अंगणात डोळे मिटून उभे राहिले आणि एका कानात बोट घालून परात ऐकली. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गुंडीवाले, कानटोपीवाले, टॉवेलवाले सगळे अडवायला सुरुवात केली. दंड करायला कलम नव्हतंच. ते फक्त हात आडवा करून म्हणायचे, "कान मोकळं कर आन मग जा." आणि लोक करायचे. असा कायदाच नाही हे कुणाला माहीत नव्हतं आणि मास्तर सांगणार नव्हते.

धाकट्या पाटलानं कोल्हापूरला जाऊन परवाना काढला. त्याचं पुढं काहीतरी वाईट झालं असं वाचणाऱ्याला वाटेल, पण तसं काही झालं नाही. ट्रक चालवायचा, कानात गुंडी असायची आणि मास्तरांच्या घरावरून जाताना मुद्दाम हॉर्न द्यायचा. काकू त्याला शिव्या घालायच्या. मास्तर मात्र म्हणायचे, "हात चांगला हाय त्याचा. देव त्याला असाच संबाळून नेऊ दे." ते मनापासून म्हणायचे, हे मी स्वतः पाहिलंय.

मी कोरेगावला परतले आणि जीपमधल्या कोंबड्या हाकलल्या. पहिल्यांदा सासऱ्यांना घेऊन निघाले तेव्हा सगळी आळी बघायला बाहेर आली होती. सासरे धाप लागलेली असूनही बाजूच्या सीटवर ताठ बसले होते, सुनेची अब्रू आपल्या पाठीच्या कण्यावर असल्यासारखे. पुढं रहिमतपूर, पुसेसावळी, विटा असं करत मी एकटी माहेरी सांगलीला जायला लागले. आमच्याकडे ते फार झालं. सासूबाई देवासमोर दिवा लावून बसायच्या ते माझा निरोप येईपर्यंत.

सांगलीला गेलं की मास्तरांकडे हजेरी द्यावीच लागायची. जुन्या विद्यार्थ्यानं त्यांना काळ्या मोटारीतून बुधगावपर्यंत नेऊन आणायचं, अशी त्यांची पद्धत होती. एकदा संक्रांतीच्या आधी गेले तेव्हा मी रुमाल न्यायला विसरले होते. हातात नव्या चुड्याच्या बांगड्या. जाताना वाजल्या, येताना वाजल्या, प्रत्येक गिअरला वाजल्या. मास्तर एक शब्द बोलले नाहीत. मी हवेत होते. मला वाटलं, आता मी एवढी तयार झाले की मास्तरांनी मला रुमालातून मोकळं केलं. घरी येऊन वहिनीला ऐटीत सांगितलं. सांगता सांगता हात हलले, बांगड्या वाजल्या, आणि माझ्या लक्षात आलं की मास्तरांनी त्या ऐकल्याच नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी मास्तर बाहेर गेल्याचं बघून मी काकूंना गाठलं. त्या भाकरी थापत होत्या. माझं बोलणं ऐकून त्यांनी मान वर केली नाही.

"तुला कळलं व्हय. पावसाळ्यापास्नं हाय. मी हाक मारली की म्हणत्यात, इचारात व्हतो. एवढा कसला इचार करतोय ह्यो माणूस?" त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. "कुणाला सांगू नगंस बाई. साळा बंद पडली तर ह्ये हाताला लागायचे न्हाईत. नुसतं बसलेलं माणूस मला बघवायचं न्हाई."

मी कुणाला सांगितलं नाही, पण तशी गरजच उरली नाही. पुढच्या संक्रांतीला गेले तेव्हा मास्तर ओसरीवर बसले होते. शर्टाच्या खिशात आगपेटीहून जरा मोठी पेटी आणि तिच्यातून निघालेली वायर कॉलरवरून उजव्या कानात. कानात गुंडी. क्षणभर मला धाकटे पाटीलच आठवले आणि मला हसावं की काय करावं कळेना.

"हसा की," मास्तरच म्हणाले. "मीबी हसलो. मिरजेच्या डॉक्टरांनी दिलंय. दुसऱ्या कानात आता काय न्हाई म्हणाले, ह्यातच हाय थोडं. यंतर घातलं की ऐकू येतंय. तुमच्या बांगड्याबी ऐकू आल्या आत्ता."

यंत्र घेतल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं असेल, तर ते आपणहून साहेबांकडे गेले. तोपर्यंत मोटार बंद ठेवली होती. साहेबांनी त्यांना पाठमोरं उभं करून लांबून हॉर्न वाजवले. मास्तरांनी प्रत्येक वेळी हात वर केला. साहेब म्हणाले, "ऐकू येतं. कायद्याला एवढंच हवं आहे." काकूंनी त्या दिवशी गल्लीत पेढे वाटले. मला डब्यातला शेवटचा मिळाला. तो देताना काकू वर्षभरात पहिल्यांदाच हसत होत्या.

"चला ताई, बुधगावला," मास्तर म्हणाले. "आज मी चालवतोय. तुमी माज्या जागंवर बसा."

सकाळचं कोवळं ऊन होतं. काचा चारही खाली. चौकात हवालदारांचा हात आडवा झाला. ते गाडीपाशी आले, वायर बघितली आणि त्यांचं तोंड उतरलं.

"मास्तर, आवं तुमीच सांगितलं व्हतं. कुणीबी असू दे, सोडायचं न्हाई म्हणून."

मुलगा पहिला आल्यावर बापाचा फुलावा तसा मास्तरांचा चेहरा फुलला. "शाब्बास. न्हाई सोडायचं. पण ह्यो रेडिओ न्हाई, कानाचं यंतर हाय." त्यांनी वायर काढून दाखवली, साहेबांनी काय म्हटलं तेही सांगितलं. हवालदारांनी सलाम ठोकला आणि आम्ही पुढे निघालो. मास्तर गुणगुणत होते. गाडी चालवताना गुणगुणलेलं मी त्यांना तेव्हाच पाहिलं.

माधवनगर मागे पडलं. दोन्ही बाजूंना तोडीला आलेला ऊस, रस्त्यापेक्षा उंच. पुढे डावीकडून एक पाणंद रस्त्याला येऊन मिळते, पण उसामुळे ती दिसत नाही. मला त्या पाणंदीतून ट्रॅक्टरचा हॉर्न ऐकू आला, डावीकडून, अगदी जवळ. मास्तरांनाही ऐकू आला. त्यांनी मान हलवली, गाडी नीट डावीकडे घेतली, उजवा हात बाहेर काढला आणि मागच्या गाडीला पुढं जा म्हणून खुणावलं. मागे कुणीही नव्हतं. ते आरामात, हसतमुखानं, पाणंदीच्या तोंडाशी चालले होते.

माझा पाय त्या जादा ब्रेकवर केव्हा गेला मला माहीत नाही. गाडी धक्का खाऊन थांबली, आणि आमच्या नाकासमोरून उसानं भरलेली ट्रॉली ओढत ट्रॅक्टर रस्त्यावर आला आणि वळून निघून गेला. चालवणाऱ्यानं टॉवेलानं कान बांधलेले होते. काय टळलं हे त्याच्या गावीही नव्हतं.

इंजिन बंद पडलं होतं. मास्तर पुढे बघत राहिले.

"ब्रेक तुमी लावला?"

"हो."

"बरं झालं." त्यांनी वळून मागचा मोकळा रस्ता बघितला. "मला वाटलं मागनं आला."

त्यांनी खिशातली पेटी दोन बोटांनी वर उचलली आणि तिच्याकडे बघितलं. "आवाज येतोय ताई. लय झ्याक येतोय. पण सगळाच हितनं येतोय, खिशातनं. हॉर्न हितनं, तुमी बोलताय ती हितनं, पाखरूबी हितनं. बाजू न्हाई त्याला."

माझ्या डोळ्यांपुढे पेढ्याचा डबा घेतलेल्या काकू आल्या आणि मला रडू आलं. मी त्यांना समजावायला लागले. म्हटलं, कुणी बघितलं नाही. म्हटलं, हळू चालवा, मी येत जाईन बरोबर, दुसरं कुणी येईल. शेवटी म्हटलं, "साहेबांनी तुम्हाला पास केलंय मास्तर. कायदा तुमच्या बाजूनं आहे."

"हाय की. पाटलाच्याबी बाजूनं व्हता." ते दार उघडून उतरले, गाडीला वळसा घालून माझ्या दाराशी आले. "सरका तिकडं. चाकावर बसा."

मी सरकले. ते डावीकडच्या जागेवर बसले आणि त्यांनी पाय त्या जादा ब्रेकपासून लांब, सीटखाली ओढून घेतले. ते बघून मला कळलं की शाळाही संपली. शिकवणाऱ्यालाही बाजू कळावी लागते. मी गाडी वळवली.

थोडं अंतर गेल्यावर ते म्हणाले, "काय काय ऐकू येतंय, सांगा."

मी सांगायला लागले. मागं, लांबवर, बैलगाडी आहे, घुंगरं वाजतायत. मास्तरांनी मान हलवली. उजवीकडे मळ्यात पाण्याचं इंजिन चालू आहे. डावीकडून सायकल येतेय, घंटी नाही, साखळी कुरकुरतेय. "साखळी," मास्तर म्हणाले, चव घेतल्यासारखं. मी आणखी सांगत गेले. पोरं कुठंतरी पाढे म्हणतायत. मागून ट्रक येतोय, अजून हॉर्न दिलेला नाही. ते एकेक आवाज मान हलवून घेत होते आणि समोर रस्त्याकडे बघत होते. त्या बघण्यानं मला एवढं तुटायला झालं की त्यांना काहीतरी चांगलं द्यावं असं वाटलं.

"आणि त्या चिंचेवर कोकिळा ओरडतेय," मी म्हटलं.

मास्तरांनी वळून माझ्याकडे बघितलं.

"पौषात?"

माझी मान खाली गेली.

"नसलेलं सांगू नका ताई," ते अगदी हळू आवाजात म्हणाले. "तुमच्या मनात काय हाय त्ये कळतंय मला. पर आता माजा कान तुमी हाय. त्यो तरी खोटं नगो."

मी मान हलवली. त्यांनी टोपी सारखी केली आणि पुन्हा समोर बघितलं.

"हं. सांगा पुढं. हाय तेवढंच."

आणि मी, होतं तेवढंच सांगत, गाडी काकूंच्या दारापर्यंत आणली.